खांदा अडकला तर?

आई,

तुम्हांला जाऊन वर्ष झालं. परवा तुमचं वर्षश्राद्ध होतं, आणि त्याच दिवशी, तुमच्याच घरात, तुमच्या नणंदेला मी सगळ्यांसमोर उलट बोलले. बोलले ते तुमच्यासाठी. मग तुम्हांला कळवायला नको का?

जेवणं झाली होती. सोलापूरच्या आत्याबाई तुमच्या अनिरुद्धच्या उजव्या हाताकडे बघत शेजारणीला सांगत होत्या, की सुमननं गरोदरपणात तूप-लाडू खाऊन खाऊन पोर भलतंच मोठं केलं, म्हणून जन्मताच त्याचा हात गेला. मी ताटं उचलत होते. ती खाली ठेवली आणि म्हटलं, "आत्याबाई, हात आईंच्या खाण्यानं गेला नाही. अडकलेल्या बाळाला ओढलं, म्हणून गेला. या घरात हे परत बोलायचं नाही."

बाबा खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, आता ते मला गप्प करतील. पण ते हळूच म्हणाले, "सूनबाई खरं बोलते आहे." आई, हे त्यांनी तुमच्या हयातीत एकदा तरी म्हणायला हवं होतं, नाही का?

तुमच्याबद्दल मला जे माहीत आहे, ते बहुतेक मैलापूरच्या तळ्याभोवती चालताना तुम्हीच सांगितलेलं. बाबांना इथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तुम्ही सोलापूरहून चेन्नईला आलात. तमिळचा एक शब्द येत नव्हता. अनिरुद्धच्या वेळी कळा सुरू झाल्यावर एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. एक बाई तुमच्या पोटावर वरून जोर लावत होती, दुसरं कुणी बाळाचं डोकं धरून ओढत होतं. तुम्ही मराठीत ओरडत होतात आणि ते कुणालाच समजत नव्हतं.

बाळ जगलं, पण उजवा हात लुळा लोंबत राहिला. मानेपासून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणून फाटल्या होत्या, हे तुम्हांला पुष्कळ उशिरा कळलं. गरोदरपणी तुमची साखर वाढून बाळ मोठं झालं असणार आणि ती साखर कुणी तपासलीच नव्हती, हे तर त्याहून उशिरा. तोवर 'बाळ मोठं होतं' एवढं एकच कारण घरात फिरत होतं, आणि बाळ मोठं म्हणजे दोष आईचा!

तुम्ही रडत बसला नाहीत. बसनं हॉस्पिटलच्या वाऱ्या केल्यात, त्या हाताला रोज व्यायाम दिलात. नातलग त्याला पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला सांगायचे, म्हणून तुम्ही मुद्दाम अर्ध्या बाह्यांचे शिवून घेतलेत. तो डाव्या हातानं लिहायला शिकला, शिकून इंजिनिअर झाला. कोपरात वाकलेला तो हात त्यानं माझ्यापासून कधी लपवला नाही. ही तुमचीच शिकवण.

मग मला दिवस गेले. सहाव्या महिन्यात माझी साखर वाढलेली निघाली आणि मी घाबरून गेले. वाटलं, आता मलाही तेच ऐकावं लागणार. तुम्ही मात्र एका शब्दानं बोलला नाहीत. ताटातला भात कमी केलात, नाचणीचे डोसे आणि उसळी वाढल्यात, जेवण झालं की मला फिरायला बाहेर काढलंत. सोलापूरहून लाडवांचा डबा आला, तो तसाच कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना वाटून टाकलात.

एक राग मात्र माझ्या मनात आहे, तो आज बोलून टाकते. रोज माझ्या बोटातून रक्त काढून तुम्ही माझी साखर बघत होतात. स्वतःची का नाही बघितलीत? मधुमेहाच्या गोळ्या संपल्या तरी 'उद्या आणू' म्हणायचात. तुमचं हृदय थकत चाललं होतं आणि आम्हांला पत्ताही नव्हता. असं करतात का, आई?

दिवस भरत आले तसं बाळ मोठं दिसायला लागलं. पहिल्या डॉक्टरांना तुम्ही सरळ तमिळमध्ये विचारलंत, "खांदा अडकला तर काय करणार?" ते हसले. म्हणाले, "अम्मा, ते आमच्यावर सोडा."

"मागच्या वेळी सोडलं होतं," तुम्ही म्हणालात आणि उठलात. मला लाजच वाटली तेव्हा, खरं सांगते. माझी फाइल काखेत मारून तुम्ही पुढं आणि मी पोट सांभाळत तुमच्या मागं.

दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, सोनोग्राफीवरून काढलेलं वजन चुकू शकतं. बाळ फारच मोठं वाटलं तर सिझेरियनचं बोलू, नाहीतर थोडं आधीच कळा आणू. तरीही खांदा अडकलाच, तर डोकं ओढायचं नाही. आईच्या मांड्या पोटाकडे दुमडायच्या, पोटावर वरून नाही, तर खाली ओटीपोटाच्या हाडालगत हातानं दाब देऊन खांदा मोकळा करायचा. नाहीच जमलं तर बाळाचा मागचा हात आधी बाहेर काढायचा. याचा सराव त्यांची माणसं बाहुलीवर सतत करत असतात. "दाखवा," तुम्ही म्हणालात. आणि त्यांनी खरंच बाहुली मागवून दाखवलं!

थोडं आधीच कळा आणल्या, आणि तरी नेमकं तेच झालं. आपल्या रेवाचं डोकं बाहेर आलं आणि कासवानं मान ओढून घ्यावी तसं मागं गेलं. तुम्ही माझ्या उशाशी होतात. डॉक्टरबाई मोठ्यानं म्हणाल्या, "खांदा अडकलाय." खोली माणसांनी भरली. त्यांनी मला जोर लावणं थांबवायला सांगितलं. दोघींनी माझे पाय दुमडले. एका नव्या नर्सचा हात माझ्या पोटावर वरच्या बाजूला गेला आणि तुम्ही तोंड उघडलंत. पण तुमच्या आधी डॉक्टरबाईच म्हणाल्या, "वर दाबायचं नाही. खाली."

तेव्हा तुमचा चेहरा मी बघितला. इतकी वर्षं जे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला तुम्ही आसुसला होतात, ते ऐकून तुम्ही मटकन स्टुलावर बसलात.

खांदा सुटला, रेवा आली. जरा वेळानं रडली. मुलगा की मुलगी, कुणासारखी दिसते, तुम्ही काही विचारलं नाहीत. नर्सनं तिला खाली ठेवताना ती दचकली आणि तिचे दोन्ही हात एकदम वर उडाले. दोन्ही! तुम्ही पदरात तोंड खुपसून रडलात. त्याआधी मी तुम्हांला कधी रडताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अनिरुद्धनं विचारलं, "आई, म्हणजे माझाही हात वाचला असता?"

तुम्ही त्याच्याकडे बघत म्हणालात, "हो. वाचला असता." त्याला नशिबाची गोष्ट सांगून समजावणं किती सोपं होतं, आई! तुम्ही तसं केलं नाहीत. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला, बराच वेळ. परत आला तो रेवाला उजव्या हाताच्या वाकलेल्या कोपरात घेऊन बसला, आणि तुम्ही तिच्या डोक्याखाली नुसता हात धरलात.

त्यानंतर जेमतेम चार महिने तुम्ही होतात. तेवढ्यावर माझं भागलेलं नाही, हेही ऐकून ठेवा.

खालच्या मजल्यावर नाशिकची ज्योती राहते, आयटीत आहे. तिला सातवा महिना आहे आणि साखर वाढली आहे. तिची आई आजारी असते, इथं येऊ शकत नाही. काल जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, डॉक्टरांना काही विचारायचं म्हटलं की जीभच उचलत नाही. उद्या मी तिच्याबरोबर जाते आहे. माझं तमिळ तुमच्याइतकं चांगलं नाही, लोक हसतात. हसू देत. ज्योतीला नीट उत्तर मिळाल्याशिवाय मी त्या खुर्चीतून उठणार नाही, आणि उठलेच तर तिला घेऊन दुसऱ्या दवाखान्यात जाईन. हा माझा शब्द.

तुमच्या बाजूनं भांडणारी,
तुमची सून
मीनल