जमनाचा कुत्रा आणि माझं नाक

प्रकाशा, ता. ११ नोव्हेंबर १९३६

रात्री बिबट्याने सुकलाल आबांच्या केळीच्या मळ्यातून काळ्या कुत्रा नेला. सकाळी खुंटाला नुसती साखळी. आबा म्हणजे अक्काचे शेजारी, भिंतीला भिंत. त्यांची मुलगी जमना (यापुढे नुसतं 'ज.', कारण अक्का माझ्या वह्या उघडते) ओट्यावर गुडघ्यांत तोंड घालून बसलेली. काळ्या होता तोवर तो ओटा मला बंदच होता. कुत्रा जवळ आला की माझं नाक सुटतं, डोळे सुजतात, छाती वाजते. काळ्याचं वाईट वाटलं, पण खोटं कशाला लिहू, थोडंच.

आबा म्हणाले, रानडुकरं बाग झोपवतील, कुत्रा पाहिजेच. मी सर्वांसमोर बोलून बसलो, "मी आणतो. असातसा नाही, चांगल्या जातीचा!"

"तुले कुत्रामधलं काय समजस रे?" आबा.

ज.ने मान वर केली. तेवढ्यावर दिवस गेला.

जेवताना अक्का: "यशा, रेक्टरच्या अंगावर ताट फेकून कॉलेज सोडलंस. बाबांनी तळोद्याचं दार लावलं म्हणून इथे आलास. आता कुत्रा आणून शेजारचंही दार लावून घे." दाजींना हसून हसून ठसका लागला.

प्रश्न असा: ज.च्या घरी राहील आणि मला शिंकवणार नाही, असा कुत्रा जगात आहे की नाही? असलाच पाहिजे.

ता. १५

अनुमान पहिलं: केस. केस कमी, बाधा कमी. गावाबाहेर बंजाऱ्यांचा तांडा उतरलाय. त्यांच्यात एक लांब तोंडाचा, उंच पायांचा, पोट पाठीला लागलेला कुत्रा. अंगावर केस असून नसल्यासारखे. सशामागे सुटला की दिसतच नाही. मालकाला म्हटलं, आबांना दाखवू, चल.

आलो तेव्हा आबा कापसाची गाडी घेऊन नंदुरबारला निघालेले. एक पाय दांडीवर. आणि मी शिंकलो.

आबांनी पाय खाली घेतला. "आज जावानं नही." बैल सोडले. निघताना शिंक म्हणजे आबांच्या लेखी काम बुडालंच. भरली गाडी दिवसभर दारात, बंजारा हसतोय, मी शिंकतोच आहे. आतून ज.: "यान्हापेक्षा बिबट्या परवडना!"

शकुनबिकुन मी मानत नाही. पण आबा मानतात, आणि मुलगी आबांची आहे. कुत्रा चुकला तर त्या घराची पायरीही चढता येणार नाही, मग पुढचं तर... असो.

ता. १८

तापीच्या घाटावर एक खरजुला कुत्रा. पाठीवर केस औषधालासुद्धा नाही. मुद्दाम खेटून बसलो. यात्रेकरू बाया नाकाला पदर लावून लांबून जात होत्या. शिं. भरपूर (शिं. म्हणजे शिंका. फार वेळा लिहावं लागतंय). म्हणजे केस नव्हे! मग काय? रंग? वास? वय? डोकं भणभणलं, पण मजा येतेय. कॉलेजात एका तासाला असं वाटलं नाही.

विहिरीवर ज.: "मंग तो खरजुल्या आणशात का?" आणि पदरात हसली.

अजून एकदाही मला 'भाऊ' म्हणालेली नाही. गल्लीतल्या बाकी सगळ्या म्हणतात. यावर विचार करणे.

ता. २३

होडीने पलीकडे, मग नंदुरबार. डॉक्टर म्हणाले, काहींच्या अंगाला काही वस्तू मानवत नाहीत, कुणाला घोडा, कुणाला मासळी. कुत्र्यापासून लांब राहा. लांब राहायचं असतं तर आलो कशाला? भांडण. अर्ध्यातून उठून आलो.

स्टेशनवर गार्डसाहेबाचा विलायती कुत्रा. पांढरा, झिपरा, डोळेसुद्धा दिसत नाहीत. रोज साबणाने अंघोळ. मांडीवर घेतला. शिं. नाही! एवढे केस असून नाही! मग त्याने मनगट चाटलं. तिथे गांधी उठल्या, लाल, टरटरून. म्हणजे लाळ! कुत्रा दिवसभर अंग चाटतो, लाळ वाळते, धूळ होते, ती नाकात. खरजुला तर चाटण्यावाचून दुसरं काही करतच नव्हता. फलाटावरच ओरडलो. हमाल बघायला लागले.

परत आल्यावर ज.ला विचारलं, विलायती आणू का, एवढा एवढा असतो.

"त्याले बिबट्या पानमा घालीसन खाई जाई."

बरोबर आहे.

ता. २ डिसेंबर, मोलगी

अक्कलकुव्यापर्यंत गाडी, पुढे पायी. टाचा फुटल्या. इथल्या बाजारात कुत्रे विकायला नसतात, माणसांबरोबर बाजाराला आलेले असतात. डोंगरातल्या पावरा जमातीच्या एका म्हाताऱ्याच्या मागे दोन, एकाच वेताचे, वर्षाचे असतील. एक तांबडा, एक पट्ट्यापट्ट्यांचा. तांबड्याने माझ्या पायावर मान टाकली. शिं. नाही. पट्टेवाल्याजवळ बसलो तर डोळे मिटेपर्यंत शिं. डोळे धुऊन पुन्हा क्रम उलटा करून पाहिलं. तेच.

एक आई, एक दूध, एकाच झोपडीत वाढलेले! मग जात पाहून कळणार काय? इतके दिवस मी प्रश्नच चुकीचा विचारतोय. कुठल्या जातीचा, हा नव्हे. हा कुत्रा की तो कुत्रा, एवढंच.

माझी घोंगडी देऊन तांबडा घेतला. म्हातारा मोडक्या मराठीत म्हणाला, ने, पण दुसरा राहणार नाही, भावामागे येईल.

ता. ६, प्रकाशा

आले. दोघेही. घाट उतरताना तांबडा पुढे, मी मध्ये शिंकतोय, पट्टेवाला मागे. घरी पोचलो तर तांबडा सरळ अक्काच्या गोठ्यात जाऊन झोपला. पट्टेवाला आबांच्या ओट्यावर चढला, ज.च्या पायाशी बसला.

"हाऊ मन्हा," ज. म्हणाली. नावही ठेवून मोकळी: पट्ट्या.

तिला सगळं समजावलं. लाळ, धूळ, वेत, गार्डसाहेब. "तांबडा घे. याने माझ्या नाकाला..."

"कुत्रा मळासाठे शे का तुमना नाकसाठे?"

कशासाठी ते तोंडापर्यंत आलं होतं. शिंक आली.

ता. १५

पट्ट्या राखणीला पक्का. डुकरं फिरकेनात, आबा खूष. मी ओट्याच्या पार टोकाला, नाकावर रुमाल, काहीतरी निमित्त काढून. रोज थोडा अलीकडे सरकतो.

एक गोष्ट लक्षात आली. कुत्रा धुतलेला असला की बरं असतं, दोनतीन दिवसांनी पुन्हा सुरू. हे ज.नेही ताडलंय. मी ओट्यावर जायच्या वेळेला पट्ट्या ओला असतो.

ता. २२

दाजींकडून कळलं: शहाद्याकडचं स्थळ, मुलगा शाळामास्तर, घराणं मोठं. आबा उद्या पक्कं करायला जाणार. दाजींना म्हटलं, माझं नाव टाका.

"टाकलं. आबा म्हणतात, कॉलेज नाही, घर नाही, आणि वर शिंक्या."

ताट फेकावंसं वाटलं. फेकलं नाही.

ता. २३

सकाळी गाडी जुंपलेली. ज.ने पट्ट्याला ओढत आणून माझ्या अंगावर सोडलं. धुतलेला नव्हता, चिखलात लोळलेला. शिंक वर वर आली. आणि एकदम कळलं, आत्ता शिंकलो तर गाडी जात नाही.

तेच नको वाटलं. जे मी स्वतः मानत नाही, त्याने म्हाताऱ्याला अडवायचं? नाक दाबून गोठ्यामागे पळालो. तिथे शिंका फुटल्या. बाहेर आलो तर गाडी गेलेली.

ज. गोठ्याच्या दारात. "दिनभर शिंकस, अन् आज काबर नाक दाबं? तुले काई समजस का नही?"

'तू' म्हणाली. आणि कुत्रा तिने मुद्दाम... गाढव आहे मी. गाढव.

संध्याकाळी: आबा परत आले. मुलाचे वडील गावी नव्हते. परवा पुन्हा जाणार.

ता. २४

कडब्याच्या गंजीआड ज. भेटली. भेटली म्हणजे वैरण काढत होती, मी पलीकडे उभा. म्हटलं, "ते खोटं नाही का?"

"खोटं कसाले? कुत्रा खरा शे, नाक खरं शे."

"तोंडाने सांगितलं तर?"

"तू तोंड उघडं का भांडणच व्हस." पेंढी उचलली आणि गेली.

दिवसभर पट्ट्याला कुणी धुतलं नाही.

ता. २५

गाडीजवळ बसून लिहितोय. बैलांना पाणी दाखवायला थांबलोय.

सकाळी ओट्यावर पट्ट्याला मांडीवर घेतलं. लाज वाटत होती, तरी घेतलं. मानेत तोंड खुपसलं. त्याने गाल चाटला. काही नाही. पुन्हा हुंगलं. नाक कोरडं ठणठणीत! दाराआडून ज. डोळे वटारतेय. गालाला खाजसुद्धा नाही. रोज जवळ बसून नाक सरावलं? की थंडीने? की कुत्राच बदलला, इथलं पाणी पिऊन? दुसऱ्या कुठल्या दिवशी नाचलो असतो. छडा लावायला हवा याचा. पण आबांचा पाय दांडीवर.

बैलांपुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, आबा, जमना मला द्या. मुद्दाम शिंकून गाडी थांबवणार होतो, शिंक येईना, म्हणून तोंडाने सांगतो. आवाज चढला नाही. भांडलो नाही. माझं मलाच नवल.

दाजींनी कपाळाला हात लावला. अक्का दारातून हलली नाही. आबांनी मला खालून वर बघितलं, रागाने की कसं ते कळेना.

"बस गाडीमा."

बसलो. पट्ट्या गाडीखालून चालत आला, आता चाकाशी धापा टाकतोय. समोर फाटा आहे. उजवा रस्ता शहाद्याला, मास्तराच्या घरी. तिकडे नेलं तर माझ्यादेखत सुपारी फोडतील, किंवा मी बोललो ते सगळ्यांसमोर पुन्हा बोलायला लावतील. डावा तळोद्याला, बाबांकडे. तिकडे नेलं तर कानाला धरून त्यांच्या हवाली करतील, किंवा सोयरिकीचं बोलणं...

विचारायची छाती होत नाही.

बैलांचं पाणी झालं. आबांनी कासरा हातात घेतलाय. "लिखी व्हयनं का रे?"