लाल्याला विसरायला शिकवताना

नांदेड. २० जून १९४८, रविवार. सकाळ.
यापुढे या ओटीवर एक तर मी संध्या करीन, नाही तर लाल्या. पळी-पंचपात्र आज तिसऱ्यांदा कलंडले. नाक धरून प्राणायामात होतो. गल्लीत कोणाची तरी कडी वाजली. हा दाराकडे सुसाट, आणि जाताजाता शेपटीने सारी गोदावरी माझ्या मांडीवर. कुत्रा शिवला तर काय करावे हे धर्मशास्त्रात आहे. कुत्र्याने अर्घ्य दिले तर काय, याबद्दल सर्व स्मृतिकार गप्प आहेत.
उमा म्हणाली, अहो, त्याला वाटलं शरद आला.
शरदचंद्र म्हणजे आमचे चिरंजीव. वय वीस. मार्चपासून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात एका कँपात आहे. कसला कँप ते इथे लिहीत नाही. लोकांना सांगतो, लातूरला मामाकडे शिकायला आहे. कुत्रा त्याचाच. पिल्लू होता तेव्हा उचलून आणला आणि आपल्या ताटातली भाकर घालून वाढवला.

२२ जून, मंगळवार.
भोकरचा सटवाजी चिंच विकायला आला. उमेला चिंच मापून देतादेता खाली मान घालूनच म्हणाला, पोरगं बरं हाय मास्तर. आषाढात येतो म्हणलंय एक दिस. कोणाला बोलू नगा.
उमा डोळ्याला पदर लावून आत गेली, ती चिंच बाहेरच विसरली.
मी मात्र पुढचा विचार केला. गल्लीच्या तोंडाशी निजामाच्या रझाकारांचा अड्डा आहे. शरद दारात आला की हे कुत्रे असे केकाटेल, असे नाचेल, की घाटापर्यंत कळेल. मी घाबरलो नाही. दाराला दोन कड्या लावल्या, त्या सवय म्हणून.

२४ जून, गुरुवार.
लाल्याला विष्णुपुरीला सोडून आलो. येताना उन्हात दोनदा बसलो. घरी पोचलो तेव्हा तो ओटीवर पाणी पीत होता.

२५ जून, शुक्रवार.
उपाय सापडला. मी संस्कृत शिकवतो ती शाळा गडबडीमुळे एप्रिलपासून बंद, त्यामुळे आमचे सायन्सचे रेणुकादास मास्तर रोज पान खायला येतात. त्यांनी एका रशियन शास्त्रज्ञाची हकीकत सांगितली. घंटा वाजवायची, मग कुत्र्याला खायला घालायचे. काही दिवसांनी नुसती घंटा वाजली तरी लाळ. आता उलट करा. घंटा वाजवा आणि खायला देऊच नका. हळूहळू लाळ आटते. कुत्रा शिकतो, की या घंटेत काही अर्थ नाही.
मी म्हणालो, आमच्याकडे घंटा म्हणजे शरद. त्याचा सदरा अजून खुंटीवर आहे. उमेने धुतलाच नाही. म्हणते, राहून गेला.
रेणुकादास म्हणाले, मग रोज सदरा दाखवा आणि तोंड फिरवा. पण शास्त्रीबुवा, मध्येच कोणी एक घासही घालता कामा नये. कधी मिळतो, कधी मिळत नाही, असा घास कुत्रा जन्मभर विसरत नाही.
मी म्हणालो, आमच्या घरची शिस्त आपल्याला ठाऊक नाही.

२८ जून, सोमवार. सकाळी सात, परसात.
एक्सपेरिमेंट सुरू. सदरा दाखवला. लाल्या दोन पायांवर उभा. कुई कुई. शेपूट एका मिनिटात एक्केचाळीस वेळा हलली. मी निर्विकार. दहा वेळा दाखवला. दहाव्या वेळी सव्वीस.
उमा भाकरी थापायची थांबून बघत होती. म्हणाली, हे काय करून राहिलात? मी म्हणालो, विसरायला शिकवतोय. तिने तवा आदळून खाली उतरवला. स्त्रियांना शास्त्राचा आदर असतो, फक्त त्या तो दाखवत नाहीत.

१ जुलै, गुरुवार.
सकाळची शेवटची खेप : अकरा. या गतीने आषाढ लागायच्या आत काम फत्ते.

५ जुलै, सोमवार.
आज पहिल्याच खेपेला बावन्न. रेणुकादास म्हणाले, तसे होते. विझलेले विश्रांतीनंतर पुन्हा पेटते, हे त्या रशियनालाही दिसले होते. फक्त त्याच्याकडे दर वेळी कमी पेटायचे. आमच्याकडे जास्त पेटते. म्हणजे नांदेडात रशियापेक्षा नवे काही दिसू लागले आहे. पूर्वी ज्या साप्ताहिकाला मी इथली वार्तापत्रे पाठवायचो, त्याला हे कळवले असते. पण आता टपाल फोडून वाचतात.

१४ जुलै, बुधवार.
सदऱ्याच्या कॉलरला तेलकट डाग, वर मुंग्या. पावसाळी हवेत असे होत असावे. जेवून कलंडलो की परसात उमा कोणाशी तरी हळू बोलताना ऐकू येते. बहुधा स्तोत्र म्हणत असेल. मन खंबीर ठेवायला स्तोत्र चांगले.

२१ जुलै, बुधवार.
समोरच्या दोन घरांना कुलुपे लागली. रात्रीतून गेले. सकाळी रझाकारांची लॉरी गल्लीत आली, थोडी थांबली आणि गेली. ती उभी असेपर्यंत मी पोथी वाचत होतो. पोथी उलटी होती हे नंतर कळले. त्याचा आणि लॉरीचा संबंध नाही.
शेपूट : बावीस.

५ ऑगस्ट, गुरुवार. दिव्याची अवस.
आषाढ संपला. शरद आला नाही. पाऊस फार आहे. पैनगंगेला उतार नसेल. पोरगा हुशार आहे, पूर ओसरल्याशिवाय निघणार नाही. आषाढ म्हणाला म्हणजे आषाढच, असे थोडेच असते! श्रावणही आहे की.
सटवाजी महिनाभर आला नाही.

१० ऑगस्ट, मंगळवार.
आज दहाही खेपा शून्य! लाल्याने सदऱ्याकडे बघितले, जांभई दिली आणि ऊन शोधत गेला. पूर्ण विसरला. आता शरदने खुशाल यावे. रेणुकादासांना सांगितले. ते म्हणाले, सकाळ सोडून कधी तपासले का? मी म्हणालो, शास्त्र सकाळी आणि दुपारी वेगळे नसते. ते पान चघळत हसले. सायन्सवाल्यांना मत्सर असतो.

१७ ऑगस्ट, मंगळवार. संध्याकाळ. दौत दोनदा कलंडली, पाट डगमगतो म्हणून.
दुपारी अडीचला झडती झाली. पोलिसांचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, दोन जवान आणि अड्ड्यावरचे तिघे. डाळीच्या डब्यात संगिनी खुपसल्या. माझ्या पोथ्या अंगणात. अमीनसाहेब सभ्य माणूस, आधी आदाब केला. खुंटीवरचा सदरा काढून विचारले, किसका? मी म्हणालो, माझा. त्यांनी तो माझ्या पोटाला लावून बघितला. दोन्ही बाजू भेटेनात.
मग त्यांनी तो लाल्यापुढे धरला. मी निश्चिंत होतो. खरेच होतो. दीड महिन्याची मेहनत होती.
लाल्या वेडा झाला. उड्या काय, लोळण काय, रडणे काय. कॉलर चाटू लागला. लाळ अमीनसाहेबांच्या बुटांवर ठिबकत होती. ते म्हणाले, आदमी झूट बोलता पंडितजी, कुत्ता नहीं बोलता. कल आया था, या परसों?
मी म्हणालो, आया नहीं साहेब, मार्च से नहीं आया. हे मी सबंध दुपार म्हणत होतो. आयुष्यात इतके खरे कधी बोललो नसेन, आणि ते कोणालाही पटले नाही. आता रोज ठाण्यावर हजेरी. दाराशी एक जवान.
ते गेल्यावर उमेला म्हणालो, शास्त्र खोटे ठरले. ती पोथ्या गोळा करत होती. म्हणाली, खोटं कशाला ठरेल? मीच रोज दुपारी सदऱ्यावर भाकर-लोणी ठेवून घालते त्याला. सांगते, लाल्या, हा आपला शरद, विसरायचं नाही बरं. तुम्ही सकाळी पुसून काढता, मी दुपारी गिरवते.
मी विचारले, का?
ती म्हणाली, तुम्ही विसरायचं शिकवून राहिलात. घरात वाट बघणारं एक तरी पाहिजे की नाही?
म्हणजे लाल्या एवढेच शिकला होता : सकाळी काही मिळत नाही, दुपारी मिळते. दोन मास्तरांचा विद्यार्थी, आणि दोघांकडे पास.
उमेवर रागावायचे ठरवले होते. उद्या बघू.

२४ ऑगस्ट, मंगळवार.
हजेरी. ठाण्यावर बाकावर दोन तास बसवतात. अमीनसाहेब रोज विचारतात, लडका कैसा है? मी नाही नाही म्हणतो. त्यांना ठाम वाटते की शरद येतो, जेवतो, जातो. एक विचित्र गोष्ट लिहून ठेवतो. घरी परतताना पावले हलकी पडतात. सरकारी माणसाची खात्री आहे म्हटल्यावर काही तरी असेलच.

१३ सप्टेंबर, सोमवार.
सकाळपासून विमाने. हिंदुस्थानची फौज सरहद्द ओलांडून आत आली म्हणतात. दाराशी जवान नाही. उमा, मी आणि लाल्या माजघरात बसलो. लाल्या मांडीवर आला. सोवळ्यात होतो. उठवला नाही.

१९ सप्टेंबर, रविवार.
निजामाने शरणागती पत्करली. गावातल्या वजिराबादेत तिरंगा लागला. अड्ड्यावर कोणी नाही. कँपातली पोरे परत येताहेत, लोक गूळ वाटताहेत. उमेने शरदला आवडतात म्हणून शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. आज झाल्या, उद्याही टिकतील. दाराची एक कडी काढली. मग दुसरीही.

२२ सप्टेंबर, बुधवार.
पोळ्या शिळ्या झाल्या. उमेने पुन्हा केल्या. मी म्हणालो, गाड्यांना गर्दी असेल. ती म्हणाली, हो, असेल.

२८ सप्टेंबर, मंगळवार.
शेजारच्या अनंतरावांचा मुलगा कँपातून येऊन आठ दिवस झाले. मला बघितले की दुसऱ्या गल्लीने जायचा. आज घाटावर गाठला. भिजला पंचा पिळून त्याने पायरीवर टाकला. मग म्हणाला, काका, शरद आषाढातच निघाला होता. एकटाच. पैनगंगेपर्यंत आम्ही सोबत होतो. पाणी फार होतं. पलीकडे लागला की नाही ते अंधारात दिसलं नाही. आम्हाला वाटलं, घरी पोचला असेल.
घरी आलो. उमेने विचारले, काय म्हणाला? मी म्हणालो, काही नाही, पिकापाण्याचे बोलत होता.
या वहीत मी जागोजागी लिहिले आहे की मला भीती वाटत नाही. वाटत होती. अड्ड्याची वाटत होती, लॉरीची, अमिनाची, कुत्र्याच्या भुंकण्याची. तेव्हा कळले नाही, पण ती भीती बरी होती. ती होती तोवर शरदला न येण्याचे कारण होते. आता वाटा मोकळ्या आहेत, आणि मुलगा घरी नाही. तो नदीतच राहिला असेल, असे मला वाटते. उमेला मी अजून सांगितलेले नाही, आणि कसे सांगावे ते मला कळत नाही.