शेरूचा दोर

बुधवार, दिवेलागण

धरणाचे दरवाजे उघडणार, असं दुपारी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं. तापीचं पाणी अजून खाली आहे, तरी पिशवी भरून ठेवली. औषधं, दोन लुगडी, यांचा फोटो.

आणि शेरू?

शेजारचे नाना म्हणाले, “पाणी उनं का दोर सोडी द्या अक्का, जनावर आपली वाट शोधी लेस.” बैलांचं ठीक आहे, ते पोहत उंचावर जातात. पण कुत्र्याचं? मन मानेना, म्हणून मघाशी त्याचा दोर सोडून बघितला. हाड हाड करत गल्लीच्या तोंडापर्यंत हाकललं. मी घरात येते न येते तोच हा परत ओट्यावर! दोर नाही, तरी रोजच्याच जागी. पुरातही इथंच बसेल की, दाराकडे बघत.

जळगावला लेकीला फोन केला. म्हणाली, “फ्लॅटमध्ये कुत्रा कुठं ठेवू? तू एकटी ये, आई.”

एकटी. किती सहज म्हणाली!

नकोच. टेकावरच्या शाळेत सोय केली आहे, तिथं व्हरांड्यात पडू दोघं. एक लुगडं काढून त्याची ताटली पिशवीत घातली, वर दोर ठेवला.

हे गेल्यापासून मी चप्पल घातली की उठून उभा राहणारा या घरात तोच तर आहे.