सहीखालची रेघ

वडवणी,
दि. ९ मे १९८६

आदरणीय साहेब,

नमस्कार. आम्ही सगळे खुशाल. औंदाही पाणी न्हाई. चार दिवसांनी टँकर येतो, अन् पहिला चेअरमनच्या दारात थांबतो. सोसायटीचा चेअरमन मीच हाय, अन् तुमच्या कॉलेजच्या संस्थेचा अध्यक्षही.

तुमचा अर्ज मिळाला. आमदारकी गेल्यावर सात वर्षं राज्यशास्त्र शिकवताय, तरी अजून टेंपररीच. जूनपर्यंत कायम झाला न्हाईत तर घरी बसणार. लई वाईट वाटलं. अर्जात मला 'माननीय' लिहिलंत. पाच वर्षं तुमचा पीए म्हणून बॅगा उचलल्या तेव्हा 'अबे आश्रुबा' होतो!

पोरं म्हणतात, सर विधिमंडळ लई भारी शिकवतात. त्यांना रेघ शिकवलीत का? तुमच्या चिठ्ठीवर सहीखाली रेघ असली तर काम करायचं, नसली तर चिठ्ठी टोपलीत. ही खूण हापिसाहापिसात सांगत फिरणारा मीच.

बहात्तरच्या दुष्काळात माझी बहीण अंजना तलवाड्याला सरकारी कामावर खडी फोडत होती. सातवा महिना होता. तिला पाणी पाजायच्या कामावर घ्या, एवढीच चिठ्ठी मागितली. तुम्ही लगेच लिहिलीत, पाकीट चिकटवलंत, पाठीवर हात ठेवलात. 'झालं समज बे.' तिथल्या साहेबानं चिठ्ठी बघितली अन् हसला. रेघ नव्हती. तिच्या नवऱ्यानं, बंकटनं, सोसायटीच्या इलेक्शनला तुमच्या पॅनेलला मत दिलं नव्हतं ना!

चौदाव्या दिवशी अंजना खडीच्या ढिगावरच गेली. पोटातलंही गेलं.

आता कुणाला न सांगितलेलं सांगतो. पाकीट मी वाटेतच उघडलं होतं, गेवराईच्या स्टँडवर. पेन खिशात होता. एक रेघ ओढायची, बस. तुम्हाला कळलं तर नोकरी जाईल म्हणून घाबरलो, अन् तसंच परत चिकटवलं. तुमचा राग येतो साहेब, पण स्वतःची लाज त्याहून जास्त वाटते.

असो. कायम करायला विद्यापीठाची मंजुरी लागते. त्यासाठी शिफारसपत्र सोबत जोडलंय, तुम्हीच नेऊन द्या. 'विद्वान, प्रामाणिक', सगळं लिहिलंय. तिथल्या साहेबांना आपली जुनी खूण गेल्याच महिन्यात समजावून आलोय.

पाकीट चिकटवलेलं हाय, पण तुम्ही उघडालच. पेन तुमच्याही खिशात असेल. बघू, तुमचा तरी हात धजतो का.

तुमचाच,
अबे आश्रुबा