नॅनकिव्हेल साहेबांचा व्हॉल्व्ह

पर्थ, ४ मार्च १९८३

ती. आल्बीमामांस,
कोरालीचा सा. न. वि. वि.

पाणीखात्याचा इतिहास एकदाचा लिहून झाला. मैलापाण्याचं प्रकरण जेवताना वाचायचं नाही, असं आईने घरात बजावलंय. पण मामा, विषमज्वराने पोरं दगावायची त्या शहरात गटारं घालणारी माणसं मला थोर वाटतात. आणि उजाड माळावरून पार सोन्याच्या खाणींपर्यंत पाणी पोचवणारे तुम्ही लोक तर त्याहून. तुमचा फोटो घातलाय, मिशांसकट.

१९५२च्या जानेवारीत तुमच्या पंपघरात व्हॉल्व्ह बंद असताना पंप चालू झाला, मोठा नळ फुटला आणि खाणीवरची गावं दोन दिवस कोरडी राहिली. पंपघराच्या नोंदवहीत फोरमन नॅनकिव्हेल यांनी ती चूक आपली म्हणून लिहिली आहे. तसंच छापते.

मामींना नमस्कार. माया आहेच, पत्रातूनही दिसू द्या.
तुमची कोराली

मेरेडिन, ८ मार्च १९८३

चि. कोरालीस अनेक आशीर्वाद.

तसं छापू नकोस. पंप मी चालू केला होता. लग्नाला दोन महिने झाले होते, नोकरी कच्ची होती. नॅनकिव्हेल साहेब मला गाढव म्हणाले, मग चहा पाजला आणि वहीत स्वतःचं नाव लिहिलं. इन्स्पेक्टरची जागा त्यांना मिळणार होती, ती त्यापायी गेली. मी गप्प बसलो. भित्रा होतो, दुसरं काय.

साहेब वारले, पण त्यांच्या बाई नॉर्थमला आहेत. पुस्तक त्यांच्या हाती पडेल. माझा फोटो काढून टाक आणि चूक माझ्या नावावर घाल. मला का नाही सांगितलंत, म्हणून तुझ्या मामीने अबोला धरलाय.

मामावर रागावलीस तरी पत्र टाक.
तुझा आल्बीमामा

पर्थ, १५ मार्च १९८३

ती. मामांस सा. न. वि. वि.

नॉर्थमला जाऊन आले. तुमचं पत्र नॅनकिव्हेल बाईंना वाचून दाखवलं. त्यांना सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. साहेब घरी येऊन म्हणाले होते, पोराचा हात चांगला आहे, एका चुकीपायी खात्याने तो का गमवावा.

बाई म्हणाल्या, चूक आल्बीची एवढंच लिहून थांबू नकोस. माझा नवरा जन्मात एकदाच खोटं बोलला, तेही लिही, आणि कुणासाठी तेही. मी ते प्रकरण नव्याने लिहिलं. तुमचा फोटो ठेवलाय, शेजारी साहेबांचा.

रविवारी त्यांनी तुम्हा दोघांना जेवायला बोलावलंय. एकतीस वर्षं वाट पाहिली, आता उशीर करू नको म्हणावं, असा निरोप आहे.

आहे तो लोभ तसाच राहो.
तुमची कोराली