देवी काय म्हणाली

आई, परवा मंगळवारी माझ्याही अंगात आलं. बोरिवलीला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, नवरात्रातली आरती चालू असताना, आणि तेही बँकेत जन्म काढलेल्या माझ्यासारख्या बाईच्या. तुझं घुमणं बघून मला किती लाज वाटायची, ते तुला ठाऊक आहे. कसं होतं ते लिहायला बसले, तर एक ओळ धड होत नाही. दातांच्या डॉक्टरने भूल दिल्यावर ओठ आपला राहत नाही, तसं सगळं अंग माझं राहिलं नव्हतं, एवढंच जमतंय. तेही खोटंच वाटतं. एक मात्र नक्की, तिथे शब्द नव्हते. एकही नाही.

म्हणूनच घाटकोपरची ती दुपार पुन्हा पुन्हा आठवते. तू स्वयंपाकघरात घुमते आहेस, केस सुटलेत, शेजारच्या काकू पदर पसरून विचारताहेत, "देवी, ह्यांचं ऑपरेशन करू की नको?" तू नुसतं "हूं" केलंस. त्याचा अर्थ सांगायचं काम माझं, कारण तुझ्या तोंडाशी कान न्यायला मी एकटीच धजायचे. अकरा वर्षांची मी, सगळ्या बायका माझ्याकडे बघताहेत. ऐटीत म्हणाले, "नको म्हणते." काका दिवाळीच्या आत गेले. तू मला मोरीपाशी गाठून विचारलंस, "मी खराच तसा बोललंय काय गो?" मी म्हणाले, "तूच बोललीस." त्यानंतर तू कधी आरतीला उभी राहिली नाहीस. त्यांच्या मरणाचा दोष जन्मभर तू घेतलास आणि मी तो तुला घेऊ दिला.

काल खालच्या मजल्यावरची बाई पेढे घेऊन आली. "काकू, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. ह्यांच्या हार्टच्या गोळ्या बंद!" मी हादरलेच. म्हटलं, "अगं, मी कधी सांगितलं?" तर म्हणते, "मी विचारलं, तुम्ही हूं केलंत ना! सगळ्यांनी ऐकलंय." मला काहीच आठवत नव्हतं. नाही नाही म्हणत राहिले, तर ती हसली, पाया पडली आणि म्हणाली, "देवी बोलते तेव्हा माणसाला कुठे कळतं!"

सरळ सांगून ती ऐकणार नाही. आता खाली जाते आणि सांगते, देवी म्हणते गोळ्या चालू करा. म्हणजे पुन्हा तेच, देवीच्या तोंडी माझे शब्द. हे पत्र तुला मिळायचं नाही, म्हणूनच कबूल करते. ते वाक्य मी सकाळपासून मनात घोळवतेय, आणि ते म्हणायची मला घाई झालीय.