वाटीतली रेघ

सिरोंको, ४ मार्च १९९८

ती. मुदोमादादास,
शि. सा. न. वि. वि. बाबांच्या गाडीचा कार्ब्युरेटर खोलून, साफ करून परत बसवलास, त्याला महिना झाला. गाडी एका किकमध्ये सुरू होते, पण उभी केली की कार्ब्युरेटरखालच्या नळीतून पेट्रोल ठिबकतं. भाड्याच्या मोटारसायकलींच्या स्टँडवर म्हणतात, खाइन्झाची गाडी तान्ह्या पोरासारखी जागच्या जागी मुतते. मीही हसले. पण काल बाळ घेतलेली एक बाई मागे बसली आणि वास येतो म्हणून लगेच उतरली. महिनाअखेरपर्यंत गळती थांबली नाही तर माझी जागा दुसऱ्याला देणार, असं स्टँडप्रमुखाने बजावलंय. तिथे मी एकटीच बाई, त्यांना निमित्तच हवंय. दादा, ही गाडी सोडली तर माझ्यापाशी दुसरं काही नाही. उपाय लगेच कळव.

आईने मलेवा पाठवलाय, या खेपेचे बांबूचे कोंब छान सुकलेत. वहिनीला म्हणावं, शेंगदाण्याचा कूट हात आखडून घालू नकोस. लोभ आहेच, तसाच राहू दे.
तुझी,
खाइन्झा

म्बाले, ९ मार्च

चि. खाइन्झास,
अ. उ. आ. मलेवा पोचला, कूट भरपूर घातला. तू गाडी चालवतेस की तिला पेट्रोलने आंघोळ घालतेस? कार्ब्युरेटरच्या तळाला पेट्रोलची वाटी असते, तिच्या सांध्यातून झिरपत असणार. कपड्याच्या साबणाचा तुकडा मळून तिथे दाबून बसव. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, हे बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात तू पाहिलंयस. वाटी मात्र खोलू नकोस. स्क्रू जुने आहेत, त्यांची डोकी जातील आणि मग मलाच बोल लावशील. आईला नमस्कार.
तुझा,
दादा

सिरोंको, १६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. साबण लावला, काही उपयोग झाला नाही. मग मीच डोकं चालवलं. टाकीचा कॉक बंद केला की गळती थांबते, उघडला की चहा पिऊन होईतो खालचा डबा ओला. म्हणजे सांधा ठीक आहे, आतली सुईच पेट्रोल अडवत नाही. रागावू नकोस, वाटी खोलली. स्क्रू मुकाट्याने निघाले. पेट्रोलवर तरंगून सुई वर ढकलणारा तो पोकळ पितळी फ्लोट कानाशी हलवला तर आत पेट्रोल डुचमळत होतं. फ्लोटच बुडालेला, मग सुई वर कशी जाणार?

पण लिहायचंय ते वेगळंच. कार्ब्युरेटर खोलला की बाबा वाटीच्या तळाशी खिळ्याने एक रेघ ओढायचे. आपल्या वाटीत सात रेघा होत्या. धुऊन पुसून मीच त्यांच्या हातात द्यायची. ही वाटी आतून कोरी आहे. दादा, घाईत दुसऱ्या कुणाचा कार्ब्युरेटर तर बसवला नाहीस ना? तसं असेल तर त्या माणसाला गाठ आणि आपला परत आण. माया आहे तशीच ठेव.
खाइन्झा

म्बाले, २१ मार्च

चि. खाइन्झास,
आशीर्वाद. घाईत काही झालं नाही. आपला कार्ब्युरेटर माझ्या गाडीला आहे. त्या सातांतली पहिली रेघ माझी. बारा वर्षांचा होतो, बाबांनी खिळा माझ्या हातात दिला होता. अठरा वर्षं त्यांच्याबरोबर काळे हात करून घेतले आणि जाताना गाडी तुला दिली. म्हणाले, मुदोमाच्या हातात कसब आहे, पोरीला काय? मी एक वाटी घेतली तर काय मोठं बिघडलं? तुझ्या गाडीला माझा जुना बसवला, तो चालून जाईल असं वाटलं. आईला सांगू नकोस. झालं गेलं सोड.
तुझाच,
दादा

सिरोंको, २८ मार्च

श्री. मुदोमा यांस,
स. न. वि. वि. तुमचं पत्र मिळालं. फ्लोट गरम पाण्यात बुडवला, बुडबुडे आले तिथे छिद्र सापडलं. आतलं पेट्रोल काढून त्याला डाग दिला. गळती थांबली. स्टँडवरची जागा राहिली.

रेघ तुमची होती, हे मला ठाऊक नव्हतं. मागितली असती तर वाटी मी आपल्या हाताने काढून दिली असती. तुम्ही मात्र माझ्या पायाशी पेट्रोल गळत ठेवलंत आणि वर साबण लावायला सांगितलंत. त्या गाडीवर मी माणसं बसवत होते. बाळ घेतलेली ती बाई उतरली, हे तुमचं नशीब आणि माझंही.

आईला काही सांगितलेलं नाही. ती मलेवा पाठवत राहील, तो खात जा. तुमचा कार्ब्युरेटर तुमच्याकडेच राहू द्या. या कोऱ्या वाटीत मी खिळ्याने एक रेघ ओढली आहे.

कळावे.
खाइन्झा